मदत हवी आहे: छोटी गाडी लीजवर घ्यावी की विकत? उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय

अडकलेला सातारकर
नमस्कार मंडळी. गाडी घ्यायचीच आहे, छोटीच, वॅगनआर नाहीतर टियागो. कुठली चांगली हा प्रश्न नाही, कृपया त्यावर सुरू होऊ नका. प्रश्न एवढाच की लीज, म्हणजे काही वर्षं भाड्यानं, की विकत. पुण्याच्या एका लीज कंपनीचा माणूस महिना १६,८०० म्हणतोय, ३ वर्षं. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं आलं. डाऊन पेमेंट शून्य, फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. दिवसातून दोनदा फोन असतो त्याचा, ऑफर उद्या संपते म्हणे. एका शब्दात सांगितलंत तरी चालेल.

पेठेतला माणूस
विकत.

घाटाखालचा
लीज. एका शब्दातच मागितलंय ना, आता टॉस करा.

निवृत्त बँकर
ऑफर उद्या संपते असं जो म्हणतो त्याची ऑफर परवाही असते. ३४ वर्षं कर्ज खात्यात काढली, तेव्हा जरा ऐका. तीन गोष्टी सांगा: महिन्याचं रनिंग किती, हातात रोख किती, आणि गाडी किती वर्षं ठेवणार. याशिवाय जो उत्तर देईल तो ज्योतिषी.

अडकलेला सातारकर
रनिंग नॉर्मल आहे. कामावर जायचं-यायचं, कधी रविवारी कास नाहीतर औंध. रोख सव्वा लाख. किती वर्षं ते माहीत नाही, म्हणून तर लीज.

पेठेतला माणूस
नॉर्मल म्हणजे? राजवाड्यावरून पोवई नाक्याला जाणाऱ्यालाही ते नॉर्मलच वाटतं. आणि गाडी लावणार कुठे? आमच्या बोळात दोन गाड्या आहेत, तिसरी आली की चौथ्याच्या दारातली रांगोळी पुसली जाते आणि सकाळी सातला भांडण. आधी पार्किंग बघा, मग लीजफीज.

हळदवाला (सांगली)
भावा, काहीपण घे, पण विम्यात इंजिन प्रोटेक्ट घे, इंजिनात पाणी गेलं तर भरपाई देणारं जादा कव्हर. २०१९ च्या पुरात आमची गाडी दारात होती, पाणी पार स्टिअरिंगपर्यंत. पाणी उतरल्यावर मेव्हण्यानं उत्साहात चावी मारली. 'टक्' असा एकच आवाज आला. इंजिनात पाणी, कनेक्टिंग रॉड वाकला. विमावाल्यानं सीट, वायरिंग, सगळं दिलं, इंजिनाचं दिलं नाही. पाण्यातली गाडी चालू केली हा तुमचा हलगर्जीपणा, म्हणाला. टो करून नेली असती तर ही वेळ आली नसती.

अडकलेला सातारकर
दादा, मी गोडोलीत राहतो. इथे पूर आला तर सांगली आधीच समुद्रात असेल.

हळदवाला (सांगली)
हसा. त्या वर्षी आमच्याकडेपण असंच हसत होते.

कराडची सून
लीज वाईट नाही हो, सगळे उगाच घाबरवताय. माझ्या मिस्टरांची गाडी लीजवरच आहे. भाडं पगारातून टॅक्स लागायच्या आधी कापलं जातं, त्यामुळे वरच्या स्लॅबमध्ये चांगला फरक पडतो. ३ वर्षांनी ठरलेल्या किमतीला आपल्याच नावावर करून घेता येते. आम्ही तर करणारच आहोत.

निवृत्त बँकर
ताई, ती कंपनीमार्फतची लीज. तुमच्या मिस्टरांची कंपनी मधे आहे म्हणून टॅक्सचा फायदा. हे गृहस्थ स्वतः थेट घेताहेत. त्यांना १६,८०० टॅक्स भरून उरलेल्या पगारातून द्यायचे. दोन्हीला लीजच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

कराडची सून
मग यांनी एचआरला विचारावं. आजकाल बऱ्याच कंपन्या देतात.

अडकलेला सातारकर
एचआरला विचारलं होतं. ते फक्त परमनंटवाल्यांना. मी थर्ड पार्टीच्या पे-रोलवर आहे, करार २ वर्षांचा.

घाटाखालचा
२ वर्षांचा करार आणि ३ वर्षांची लीज? मधेच नोकरी गेली तर गाडी परत देताना काय दंड आहे, ते वाचलंत का?

अडकलेला सातारकर
पीडीएफ २२ पानांची आहे.

घाटाखालचा
म्हणजे नाही वाचली.

स्पॅनर
माझं गॅरेज आहे हायवेला. तुम्ही सगळे कागदावर भांडताय. सरळ सेकंड हँड घ्या. ४ वर्षांची, एका मालकाची, सर्व्हिस रेकॉर्ड असलेली. नवीन गाडीचा पहिला फटका दुसऱ्यानं खाल्लेला असतो. फक्त एमएच-११ किंवा ५०, म्हणजे सातारा-कराडचा नंबर बघा, ओळखीची गाडी मिळते. आणि बँकेची एनओसी, फॉर्म ३५, म्हणजे आधीचं कर्ज फिटल्याचे कागद हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आर.सी. वर आधीच्या बँकेचा बोजा तसाच राहिला की पुढची दोन वर्षं आरटीओच्या चकरा.

निवृत्त बँकर
सेकंड हँडचं कर्ज नव्यापेक्षा महाग पडतं, हेही सांगा. आणि सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सेस धरून २९ चा १८ वर आला. नवीच स्वस्त झाल्यावर जुन्याचा भाव तुम्ही गॅरेजवाले खाली आणता का? नाही.

स्पॅनर
साहेब, भाव मालक ठरवतो. मी फक्त ऑईल बदलतो.

घाटाखालचा
नवी पेट्रोल घेणार असाल तर ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं लक्षात ठेवा. मायलेज बोंबलतं.

हळदवाला (सांगली)
बोंबलत नाय. इथेनॉलमुळे आमच्या उसाला दोन पैसे मिळाले की शहरातल्यांच्या पोटात दुखतं.

घाटाखालचा
ऊस तुमचा, टाकी माझी. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे कारखान्याच्या सभासदाला कळायला हरकत नाही.

स्पॅनर
एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई-२० ला चालतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांचे रबरी पाइप बघावे लागतात. आता हे थांबवा, त्या माणसाचं काय ते बघू. ओ सातारकर, काम कुठाय तुमचं?

अडकलेला सातारकर
शिरवळ एमआयडीसी.

पेठेतला माणूस
अरे देवा.

निवृत्त बँकर
आणि हे तुमचं 'नॉर्मल'? सातारा ते शिरवळ ५५ किमी तरी धरा. जाऊन-येऊन ११०. महिन्याला २५ दिवस म्हणजे २,७५०. वर्षाला ३३,००० किमी! त्या २२ पानांत 'किलोमीटर मर्यादा' असं काहीतरी शोधा. आत्ता शोधा, मी थांबतो.

अडकलेला सातारकर
सापडलं. पान १४. महिना १,२५० किमी. वर झाले तर किमीला ८ रुपये. पण तो म्हणाला की ते शेवटी ॲडजस्ट होतं.

निवृत्त बँकर
कुणाच्या खिशातून? महिन्याला १,५०० किमी जास्त, गुणिले ८ म्हणजे १२,०००. म्हणजे १६,८०० नाही, २८,८०० महिना, आणि शेवटी गाडी त्यांचीच.

आता विकतचं बघा. वॅगनआर ऑन रोड ५ लाख ७५ हजार धरली, सव्वा लाख तुमचे, साडेचार लाख कर्ज. ९ टक्क्यांनी ५ वर्षं, हप्ता ९,३४०. तीन वर्षांनी विकायची ठरली तर कर्ज साधारण २ लाख ४ हजार शिल्लक असेल. तोवर गाडी १ लाख किमी चाललेली, तरी ३ लाखाला गेली समजा. कर्ज फेडून ९६ हजार हातात. तेव्हा तीन वर्षांत तुमचे गेले किती? सव्वा लाख अधिक हप्त्यांचे ३ लाख ३६ हजार, वजा ९६ हजार. ३ लाख ६५ हजार. पुढच्या दोन वर्षांचा विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून लाखभर टाका. लीजवाल्याला त्याच काळात १० लाखांच्या वर देणार होतात.

एकच ताकीद: शोरूमवाला व्याजदर सांगताना 'फ्लॅट' शब्द वापरतो का ते बघा, म्हणजे फेडलेली रक्कम वजा न करता शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर व्याज. साडेचार लाखावर ९ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता १०,८७५. आकडा तोच ९, खिसा वेगळा. आणि हँडलिंग चार्ज नावाचं काही बिलात दिसलं तर पेनानं खोडून परत द्या.

कराडची सून
बरं, माझं म्हणणं मागे. पण आमच्या मिस्टरांचं रनिंग महिन्याला ८०० आहे, तेव्हा आमचं बरोबरच आहे.

निवृत्त बँकर
अगदी बरोबर आहे.

एसटीप्रेमी
कुणीच विचारलं नाही म्हणून सांगतो: एसटीचा मासिक पास. २० दिवसांचे पैसे, ३० दिवस प्रवास. गाडीच कशाला?

अडकलेला सातारकर
सेकंड शिफ्ट. रात्री साडेअकराला सुटतो. कंपनीची बस आमच्या पे-रोलवाल्यांना नाही. आतापर्यंत मोटरसायकलनं जात होतो. जुलैमध्ये खंबाटकीच्या वळणावर एका कंटेनरनं ऑईल सांडलं होतं, तिथं घसरलो. ढोपर आणि हेल्मेटची काच गेली, बाकी काही नाही. पण बायकोनं त्या दिवसापासून बाइकची चावी पीठाच्या डब्यात ठेवलीय.

पेठेतला माणूस
वहिनी शहाण्या आहेत. चावी तिथेच राहू द्या.

स्पॅनर
रात्री शिरवळवरून येताना घाट चढावा लागला तर एक लक्षात ठेवा. पुढे कंटेनरची रांग असते, हाफ क्लचवर गाडी धरू नका. हँडब्रेक ओढा, पुढची गाडी हलली की सोडा. अशा क्लच प्लेटी महिन्याला तीन-चार येतात माझ्याकडे, सगळ्या घाटातल्या. आणि ३३,००० किमी रनिंगला पेट्रोल विसरा, सीएनजी घ्या. पेट्रोल शंभरीपार, २० च्या मायलेजनं महिन्याला १४ हजार जातील. सीएनजीवर साडेनऊ. पहाटे पंपावर रांग नसते.

घाटाखालचा
आणि रस्ता कर. आपल्याकडे १० लाखांच्या आत पेट्रोलला ११ टक्के, सीएनजीला ८. टोलचं काय? आणेवाडी रोज दोनदा.

अडकलेला सातारकर
तो फास्टॅगचा वार्षिक पास काढणार होतो.

घाटाखालचा
त्यात २०० फेऱ्या. तुमच्या महिन्याला ५० होतात. चार महिन्यांत संपला. गोडोली टोलनाक्यापासून २० किमीच्या आत आहे, स्थानिकांचा मासिक पास काढा. त्याला गाडी खासगी, आर.सी. आपल्या नावावर आणि पत्ता इथला लागतो. लीजच्या गाडीची नंबरप्लेट काळी होती की पांढरी?

अडकलेला सातारकर
विचारलं आत्ता. काळी, पिवळी अक्षरं. "सर, सगळीकडे चालते" म्हणाला.

घाटाखालचा
चालते हो. फक्त ती भाड्याच्या गाडीची प्लेट, दोन्हीपैकी एकही पास मिळत नाही.

अडकलेला सातारकर
बरं. त्याला व्हॉट्सॲपवर लिहिलं, जादा किमीचे पैसे लागणार नाहीत हे लेखी द्या. दोन निळ्या टिका आल्या. तेव्हापासून फोन बंद झाले, तेवढी तरी शांतता. विकत घेतोय, सीएनजी. फक्त एक राहिलं, आईची व्हीलचेअर डिकीत बसली पाहिजे. दर पंधरा दिवसांनी तिला दवाखान्यात न्यायचं असतं.

स्पॅनर
हे आत्ता सांगताय? वॅगनआर सीएनजीची डिकी टाकीनं भरलेली असते, तिथं धड बॅग बसत नाही!

अडकलेला सातारकर
कुणी विचारलं नाही.

स्पॅनर
टियागो सीएनजी बघा. तिच्यात एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान आहेत, डिकीच्या तळाशी. वर जागा राहते. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, खुर्ची घेऊनच शोरूमला जा. आणि आईंनाही न्या. वॅगनआर उंच आहे, सीटवर नुसतं सरकलं की झालं, टियागोत थोडं खाली बसावं लागतं. गुडघे त्यांचे आहेत, त्यांनीच ठरवावं.

अडकलेला सातारकर
खुर्चीची घडी घालून टेप लावली. रुंदी साडेबारा इंच, चाकं काढता येत नाहीत. रविवारी जातो आईला घेऊन.

नवा सभासद २६
धागा पूर्ण वाचला नाही. लीज की विकत हे रनिंगवर असतं. तुमचं रनिंग किती आहे?