'बोलत नाही म्हणजे झालंच नाही' म्हणणाऱ्यांना उत्तर

धरमपेठची वकील: काल इथे एकाने लिहिलं, 'तुरुंगाच्या महिला विभागात पुरुष पाय ठेवत नाहीत. अत्याचार झाला असता तर बाई बोलली असती.' ते वाचून रात्रभर संताप होत होता, म्हणून लिहिते. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच हातात तिची घरच्यांशी भेट, औषधं, घरचं पत्र, कॅन्टीनचे पैसे असतात. मग बायका आपापल्या वाटा काढतात. एकटीनं कुठे जायचं नाही. नव्या पोरीला मधे झोपवायचं. कोणी दिवसभर स्वयंपाकघरात काम मागून घेते. कोणी 'हो' म्हणते, कारण सोबतच्या लेकराला दूध हवं असतं. ती संमती नव्हे. पदाच्या जोरावर कैदी बाईला शरीरसंबंधासाठी राजी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे, ५ ते १० वर्षं शिक्षा आहे.

जेल क्वार्टरचा मुलगा: माझी आई तुरुंगात रक्षक होती. आमच्या परीक्षा, आजारपणं तिच्या रात्रपाळीत गेली. तुम्ही सरसकट सगळ्यांना नराधम ठरवता. १८९४ च्या कायद्यापासून बायकांचा विभाग वेगळा आहे. १९८३ मध्ये शीला बर्से प्रकरणात सुप्रीम कोर्टानं कोठडीतही महिला पोलीसच हव्यात असं सांगितलं. पुरुष येतो कुठून?

रेशीमबागची ताई: पहाऱ्यावर बाई बसवली की भागलं का? २०१७ मध्ये भायखळा जेलमध्ये मंजुळा शेट्ये या कैदी बाईचा जीव गेला. खुनाचा आरोप महिला कर्मचाऱ्यांवरच आहे.

इतवारीवाला: दरवेळी मुंबईच काऊन आठवते बाप्पा? गडचिरोलीचं देसाईगंज आपलंच ना! १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सेशन कोर्टानं सोडलेल्या पोलिसांना आपल्या नागपूर खंडपीठानं शिक्षा देल्ली. अन् सुप्रीम कोर्टानं सोडून देल्लं, अंगावर जखमा नाईत म्हणून! विदर्भातल्या गरीब पोरीचं कोण ऐकते?

धरमपेठची वकील: भाऊ, त्या निकालावर १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या. म्हणून १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली संमती नव्हती, तर कोर्ट तसंच गृहीत धरतं.

जेल क्वार्टरचा मुलगा: म्हणजे कोणीही उठावं आणि कोणाचीही नोकरी खावी!

इतवारीवाला: 'संबंध सिद्ध झाला तर' हे वाचलं नाई का तुमी? ते सिद्ध करताकरताच जन्म जाते.

रेशीमबागची ताई: नोकरीचं सांगू नका. माझी मावशी सुनेच्या केसमध्ये विदर्भातल्याच एका तुरुंगात होती. जामिनावर आल्यावर दार लावून झोपेना, आजीला पायथ्याशी बसवायची. एकदाच म्हणाली, 'दवाखान्यात नेताना.' पुढे आजीनंच तोंडावर हात ठेवला, धाकटीचं लग्न व्हायचं होतं. कुठल्या कागदावर येणार हे?

जेल क्वार्टरचा मुलगा: मावशींबद्दल वाईट वाटलं. पण माझी आई त्यातली नाही, हे पुन्हा सांगतो. दवाखान्याच्या वाटेवर महिला रक्षक हवीच, एवढं मान्य. आईही म्हणायची, माणसं कमी पडली की ड्युटीवर कोणालाही पाठवतात.

रेशीमबागची ताई: मग आधी हेच का नाही लिहिलं?

धरमपेठची वकील: राहू दे ताई. सांगायला एकच जागा उरते, तारखेला न्यायाधीशांसमोर. आता तारीखही व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर होते. पडद्यावर ती दिसते आणि तिच्या मागे जेलचाच माणूस उभा असतो.