गरम पाण्याच्या कन्सील्ड लाइनमधील गळती: लाद्या फोडण्याआधी काय तपासावे?

घोडबंदरवासी (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर ठाण्यात कासारवडवली येथे २० मजली इमारतीत सातव्या मजल्यावर आहे. इमारत १२ वर्षांची असून सगळी नळजोडणी सीपीव्हीसीची (गरम पाणी सहन करणाऱ्या प्लॅस्टिकची), भिंतीच्या आतून गेलेली आहे. पाऊस पूर्ण थांबल्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, बाथरूम आणि शयनगृह यांच्यामधील भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाला फुगे आले. आता तिथले पोपडे सुटतात आणि पुट्टीची पांढरी भुकटी रोज सकाळी फरशीवर पडलेली असते. खालच्या शेजाऱ्यांच्या छताच्या कोपऱ्यातही डाग उमटला आहे.

एका कंत्राटदाराने दोन मिनिटांत पाहणी उरकून बाथरूमच्या सगळ्या लाद्या काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करावे लागेल, असे सांगितले. मी थंड पाण्याचा कॉक दोन दिवस बंद ठेवून पाहिला, तरी ओल कमी झाली नाही. म्हणून दोष पाइपचा नसून लादीखालचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गीझर आम्ही केवळ पावसाळ्यात लावतो, कारण एरवी सोसायटीच्या सोलरचे गरम पाणी पुरते. माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे की सकाळी नऊच्या सुमारास भिंतीचा तेवढाच तुकडा हाताला कोमट लागतो. मलाही तसे वाटले, पण ती बाहेरची भिंत नाही, त्यामुळे उन्हाचा प्रश्न येत नाही. फोडकाम सुरू करावे का?

नळजोडणी_ठाणे

कृपया अजून छिन्नी लावू देऊ नका. आपल्या सासूबाईंनी कंत्राटदारापेक्षा अधिक चांगली पाहणी केली आहे.

आपल्या बाथरूममध्ये दोन नव्हे, तीन ठिकाणांहून पाणी येते: थंड लाइन, गीझर आणि सोलर. थंड पाण्याचा कॉक बंद केला तरी सोलरची लाइन डक्टमधून (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून) स्वतंत्रपणे येत असल्याने मिक्सरपर्यंतचा (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळापर्यंतचा) गरम पाण्याचा पाइप दाबाखालीच राहतो. म्हणजे आपण जी लाइन बंद केली, तिच्यात बहुधा दोष नव्हताच. शिवाय ओली भिंत दोन दिवसांत सुकत नाही. तिला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

लादीखालची किंवा नहाणी ट्रॅपची (फरशीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भागाची) गळती वापराशी बांधलेली असते: पाणी सांडले तरच झिरपते. ती तपासायची असल्यास ट्रॅपला बूच मारून बाथरूममध्ये दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवावे आणि खालचा डाग वाढतो का ते पाहावे. आपल्या भिंतीची ओल मात्र हातभर उंचीवर सुरू होते आणि कोमट लागते, म्हणून माझा संशय मिक्सरकडे जाणाऱ्या गरम लाइनवर आहे.

खात्री प्रेशर टेस्टने होईल. मिक्सर काढून गरम आणि थंड तोंडे वेगवेगळी करावीत, कारण मिक्सर जागेवर असताना त्याच्यातूनच एका लाइनचे पाणी दुसरीत जाऊ शकते. गीझरच्या दोन्ही नळ्या सोडवून तिथे बूच लावावे. त्याआधी गीझरचा एमसीबी (विजेचा खटका) पाडणे विसरू नये. सोलरचा कॉक बंद करून हातपंपाने एकेक लाइन दाबाखाली घ्यावी. गच्चीवरची टाकी आपल्यापेक्षा सुमारे १३ मजले वर असेल, तर ३९ मीटर उंचीमुळे आपल्या नळाला मुळातच जवळपास ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब आहे. त्याच्या दीडपट, म्हणजे ६ किलो, टेस्टला पुरेसे आहेत. बारा वर्षांच्या लाइनवर १० किलोंचा हट्ट धरणारे लोक कधीकधी धडधाकट जोडही उडवतात.

गेजवाला_ऐरोली

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. टेस्टच्या वेळी दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली आला म्हणजे भिंतीत गळती आहेच, असे समजू नये. लाइनमध्ये हवा अडकलेली असली, कॉक नीट बसत नसला किंवा बुचाला टेफलॉन टेप कमी पडली, तरीही काटा उतरतो. गरम लाइनच्या बाबतीत तर सोलरचे पाणी आत असतानाच टेस्ट घेतली, तर पाणी गार होताना आकसते आणि दाब आपोआप पडतो. म्हणून लाइन थंड पाण्याने भरून हवा काढावी, काही वेळ थांबावे आणि मगच आकडा टिपावा.

थर्मल कॅमेरा आणणारे लोक मिळतात, परंतु तो कॅमेरा पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. त्यामुळे आधी भिंत थंड असताना एक चित्र, मग सोलरचा कॉक उघडून पुढच्या अर्ध्या तासात दुसरे चित्र घ्यावे. चांगला जोड असलेला पाइप सरळ रेघेसारखा दिसतो. गळती असलेल्या ठिकाणी ती रेघ पसरून खाली ओघळते.

सचिव_वाशी

खर्चाबाबत लिहितो. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) पावसाचे पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, तर घराच्या आतील नळजोडणी सभासदाची असते. डक्टमधील सोलरचा उभा पाइप सामाईक असल्याने तिथला कॉक सोसायटीच्या प्लंबरकडूनच बंद करून घ्यावा आणि तसे पत्र आधी द्यावे. आपल्या ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असल्यास तो तूर्त वापरू नये.

घोडबंदरवासी

सर्वांचे आभार. काम काल पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो.

डक्टमधील सोलरचा कॉक इतका घट्ट बसला होता की तो फिरवायलाच तास गेला. थंड लाइनवर ६ किलोंचा दाब पूर्ण तासभर टिकला. गरम लाइनवर मात्र काटा २० मिनिटांत ४ किलोंवर आला आणि बुचे पुन्हा आवळून घेतल्यावरही तसाच उतरला. नंतर सोलर सुरू करून कॅमेरा लावला, तेव्हा मिक्सरच्या गरम तोंडाखालून कोमट पट्टा भिंतीत उतरलेला स्पष्ट दिसला. कटरने दोनच लाद्या कापल्या. पितळी आटे असलेला जो सांधा मिक्सरच्या मागे बसवतात, त्याच्या प्लॅस्टिकच्या भागावर केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून पाण्याचा बारीक मणी पुन्हा पुन्हा फुगून ओघळत होता. जोडणी करताना तो सांधा प्रमाणाबाहेर आवळला गेला असावा, असे प्लंबरचे मत आहे.

नळजोडणी_ठाणे

असे बहुतेक वेळा त्याच सांध्यात होते. सीपीव्हीसी गरम झाल्यावर त्याची ताकदही घटते: एसडीआर ११ दर्जाचा (बाहेरचा व्यास जाडीच्या अकरापट असलेला) पाइप २३ अंशांना सुमारे २८ किलो दाब सहन करतो, तर ८२ अंशांना जेमतेम ७ किलो. नवा सांधा चिकटवताना पाइप कोरडा होता ना? आतून पाण्याचा थेंबही येत असेल, तर सोल्यूशन (सांधा चिकटवण्याचा द्रव) धरत नाही. सोल्यूशन पूर्ण वाळल्यानंतर, प्लास्टरपूर्वी, पुन्हा एकदा ६ किलोंची टेस्ट अवश्य घ्यावी आणि उघड्या खाचेचा मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवावा.

घोडबंदरवासी

पाइप कोरडा करूनच सांधा चिकटवला, रात्रभर वाळू दिला आणि आज सकाळी टेस्ट घेतली. काटा हलला नाही. फोटो काढले आहेत. शयनगृहाकडील पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवली आहे. खालच्या शेजाऱ्यांनी आपल्या छतावरील डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ आखून शेजारी तारीख लिहिली आहे. डाग त्या रेघेबाहेर गेला नाही, तर दोन्ही घरांचा रंग महिन्याभराने करू.