चर्च म्हणजे फक्त बिशप नव्हेत

‘कॅथलिक म्हटला की समलिंगी विवाहाला विरोध आलाच’ हे विधान मला मुळीच पटत नाही. आयर्लंडचंच बघा. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यासाठी घटनादुरुस्ती करावी का, यावर २२ मे २०१५ ला झालेल्या सार्वमतात तिथे ६२ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटलं. बिशपांनी विरोधात आवाहन केलं होतं, तरीही. परदेशी गेलेली मुलंमुली केवळ मत द्यायला विमानाने, बोटीने, बॅगा ओढत घरी परतली. त्यांतली कितीतरी कॅथलिक घरांतच वाढलेली. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, मुलगा समलिंगी, आणि त्या उघडपणे ‘हो’च्या बाजूने उभ्या राहिल्या. आई म्हणून आणि कॅथलिक म्हणूनही. मला हे फार मोलाचं वाटतं.

निकालानंतर डब्लिनचे आर्चबिशप डायर्मिड मार्टिन म्हणाले की चर्चने वास्तवाकडे डोळे उघडून पाहायला हवं. ते स्वतः दुरुस्तीच्या विरोधात होते, हे विसरू नका. व्हॅटिकनचे कार्डिनल पारोलिन यांनी मात्र हा ‘मानवतेचा पराभव’ ठरवला.

डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा दिली, पण विवाहाची व्याख्या तीच ठेवली. तेव्हा प्रापंचिकांचा आणि धर्मगुरूंचा सूर एकच आहे असं कृपया गृहीत धरू नका.