फुटपाथवरच्या आजी आणि मुलाला शेल्टरने नाही म्हटलं, कोर्टात जाता येतं का?

दादरवाली: आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक आजी राहतात, सोबत तिशीचा मुलगा, त्याला स्वतःचं काहीच करता येत नाही, आजीच भरवतात. गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी गाडी आली आणि ताडपत्री, टोप, गोधड्या सगळं उचलून नेलं, मुलाच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची पिशवीपण त्यातच गेली. निवाऱ्यात नेलं तर म्हणे हे बायकांचं आहे, त्याला पुरुषांच्या निवाऱ्यात ठेवा. एकट्याला कसं ठेवणार? वॉर्ड ऑफिसमध्ये कोणी ऐकत नाही. काय करता येईल?

रोजचा_लोकलवाला: वाईट वाटतं, पण फुटपाथ चालायला आहे ना. कोर्ट तरी काय करणार?

वकील_फोर्ट: फुटपाथवर राहायचा हक्क कोर्टाने दिलेला नाही हे खरंय. 1985 च्या ओल्गा टेलिस केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पालिकेचा हटवायचा अधिकार मान्यच केला, पण जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हेही तिथेच म्हटलं, आणि मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 314 खाली नोटीस न देता हटवता येत असलं तरी ते अपवाद म्हणून, एरवी ऐकून घ्यायला हवं. तेव्हा पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, झोपड्या पाडायच्या नाहीत असंही सांगितलं होतं.

पण तुमच्या केसमध्ये खरा मुद्दा निवाऱ्याचा आहे. केंद्राच्या 2024 पर्यंत चाललेल्या शहरी बेघर योजनेच्या गाइडलाइन्समध्ये लाख लोकसंख्येमागे एक निवारा धरला होता, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईत सव्वाशेच्या आसपास हवे होते, आणि कुटुंबांसाठी, निराधार वृद्ध-आजारी लोकांसाठी वेगळी सोय करायची असंही त्यात होतं. म्हणून आधी लेखी अर्ज द्या, दोघांना एकत्र ठेवायची मागणी स्पष्ट लिहा, आवक शिक्का घ्या. तोंडी नकाराला आव्हान देणं फार अवघड जातं हो, लेखी उत्तर आलं किंवा अर्जावर काहीच झालं नाही तर हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्ध याचिका, करता येतं आणि केस चालू असतानाच तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो.

दादरवाली: फी कोण भरणार पण? आजींकडे दहा रुपये नाहीत.

वकील_फोर्ट: फी लागत नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईला आणि अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करा.

रात्रफेरी: आम्ही रात्री निवाऱ्यांमध्ये लोकांना सोडायला जातो, त्यामुळे सांगते, मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असेल तर पोर्टलवरून परत डाउनलोड होतं, नंबर नसेल तर ज्या हॉस्पिटलने सर्टिफिकेट दिलं तिथे रेकॉर्ड असतं. आणि उचललेलं सामान कुठल्या गोदामात ठेवलंय ते त्याच अर्जात विचारा, उशीर करू नका. लोकलवाले दादा, त्या दोघांना एकत्र छप्पर मिळालं तर तुमचा फुटपाथही मोकळाच होईल की.

दादरवाली: उद्याच अर्ज देते. आजींचा अंगठा घेऊन मी साक्षीदार म्हणून सही केली तर चालेल ना?

वकील_फोर्ट: चालेल. अर्ज आजींच्याच नावाने करा, तुमच्या नको.