कॅस्पेज-८ पेशीला मारतं की वाचवतं? सेमिनार आहे, प्लीज मदत करा

गोदाकाठची_मायक्रो
नमस्कार मंडळी, नाशिकला एमएस्सी मायक्रो करतेय, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे, विषय कॅस्पेज-८, म्हणजे इतर प्रोटीन कापणारं एक एन्झाइम. पुस्तकात एवढंच दिलंय की पेशीवरच्या फास किंवा टीएनएफ रिसेप्टरवर (बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनवर) मरणाचा सिग्नल आला की हे एन्झाइम चालू होतं, कॅस्पेज-३ या पुढच्या एन्झाइमला कापून चालू करतं आणि पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे न फुटता, गुपचूप मरते. ठीक. पण मग ज्या उंदरांत हे जीनच काढून टाकलंय ते गर्भातच का मरतात?? मारणारंच नाही तर मरायचं कशाने? कॉलेज रोडला दोन कटिंग संपले आमचे यावर, कोणालाच सांगता येईना.

पंचवटीकर
ताई, पुस्तक जुनं असणार. कॅस्पेज-८ ची दुसरी ड्युटी म्हणजे रिपके-१ आणि रिपके-३ या कायनेजना (फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमना) कापून गप्प ठेवणं. ते नसलं की रिपके-३ मोकाट सुटतं, एमएलकेएल नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट लावतं, मग एमएलकेएल पेशीचं आवरण फोडतं, आतला सगळा माल बाहेर सांडतो आणि आजूबाजूला इन्फ्लमेशन (दाह) पेटतं. याला नेक्रॉप्टोसिस म्हणतात. २०११ मध्ये दाखवलं गेलं की कॅस्पेज-८ सोबत रिपके-३ पण काढलं तर तीच पिल्लं जन्मतात, वाढतात. फक्त पुढे त्यांच्या लिम्फ नोड्स (गाठी) सुजतात, कारण नको असलेल्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) फासच्या वाटेने मरत नाहीत. म्हणजे पुस्तकातलं कामही खरंच आहे.

गोदाकाठची_मायक्रो
अरे वा! पण दादा, एकच एन्झाइम चालू असताना कधी मारतं आणि कधी नुसतं रिपकेला गप्प बसवतं, हे ठरतं कसं?

सिडको_लॅबवाला
जोडीदारावर. कॅस्पेज-८ चे दोन रेणू एकमेकांना भिडले तर पूर्ण ताकद, पेशी संपली. एक रेणू फ्लिप नावाच्या प्रोटीनशी जोडला गेला तर थोडीच ताकद, रिपके आवरायला पुरेशी, मारायला नाही. सेमिनारमध्ये हे नक्की घे, सर लोक इथेच अडवतात.

आणि व्हायरसचं विसरू नको, मला तर सगळ्यात भारी तेच वाटतं. काऊपॉक्सचा व्हायरस सीआरएमए नावाचं प्रोटीन बनवून कॅस्पेज-८ बंद पाडतो म्हणजे पेशी मरणार नाही आणि याचा कारखाना चालू राहील, पण कॅस्पेज-८ बंद पडलं की रिपके-३ सुटतं आणि पेशी स्वतःलाच फोडून घेऊ शकते. उंदरांचा सायटोमेगालोव्हायरस त्याहून बेरकी, एम३६ प्रोटीनने कॅस्पेज-८ अडवतो आणि एम४५ ने नेक्रॉप्टोसिस पण.

पंचवटीकर
बॅक्टेरियाचं पण टाक. येर्सिनिया, म्हणजे प्लेगचा जंतू ज्या कुळातला (भगूर-नाशिककडे १८९९ च्या सुमारास ज्याने थैमान घातलं तोच), त्याचं योपजे प्रोटीन पेशीतल्या टॅक-१ या कायनेजला अडवतं, तेव्हा मॅक्रोफेजमधलं (जंतू गिळणाऱ्या पेशीतलं) कॅस्पेज-८ गॅसडर्मिन-डी या प्रोटीनला कापतं आणि पायरोप्टोसिस, म्हणजे पेशी फुटून दाह पेटवणारं मरण, होतं. अपॉप्टोसिसवाल्या एन्झाइमने पेशी फोडायची, काय बोलणार! शिवाय आयएल-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रोटीन पण ते थेट कापू शकतं, त्यावर कॅस्पेज-१ चीच मक्तेदारी नाही.

गोदाकाठची_मायक्रो
माणसांत काय होतं पण? कोणीतरी विचारणारच.

सिडको_लॅबवाला
२००२ ला एका कुटुंबात कॅस्पेज-८ चं म्युटेशन सापडलं. माणसं जिवंत होती, पण इम्युनिटी कमजोर, टी, बी, एनके या तिन्ही प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी नीट अ‍ॅक्टिव्हेट होत नव्हत्या. आणि २०२० मध्ये उलट केस, एन्झाइम चांगलं पण रिपके-१ वर ते जिथे कापतं तीच जागा बदललेली, त्या लोकांना लहानपणापासून सारखा ताप येतो आणि गाठी सुजतात. दोन्ही शेजारी शेजारी दाखव. बाकी एका स्लाइडवर सगळे बाण काढायला जाऊ नकोस, शेवटच्या रांगेला काही दिसत नाही.