रजोनिवृत्तीनंतरचे हार्मोन उपचार आणि फुफ्फुसाचा कर्करोग

प्रश्न (सिडको, नाशिक):
माझे वय ५१ आहे. पाळी जाऊन दीड वर्ष झाले, तरी रात्री अंगातून गरम वाफा निघतात आणि गाऊन बदलावा लागेल इतका घाम येतो. डॉक्टरांनी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अशी दोन्ही हार्मोन सुचवली आहेत. मात्र या हार्मोनमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो असे मी वाचल्यापासून चिठ्ठी पर्समध्येच पडून आहे. मी धूम्रपान करत नाही, परंतु सिन्नरजवळच्या माहेरी लग्न होईपर्यंत चुलीवर स्वयंपाक केला आहे. गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर १:
या भीतीचे मूळ अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत असावे. तीत ५० ते ७९ वयाच्या, गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना दोन्ही हार्मोनची गोळी आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळी दिली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार सुमारे ८ वर्षांत फुफ्फुसाचा कर्करोग पहिल्या गटात १०९, तर दुसऱ्यात ८५ जणींना झाला. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्या कर्करोगाने झालेले मृत्यू मात्र ७३ आणि ४० होते, आणि हा फरक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. म्हणजे गोळीमुळे कर्करोग होतो असे नव्हे, तर झालेला कर्करोग अधिक घातक ठरतो, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल. प्रत्येक गटात आठ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, हे मात्र आकडे वाचताना विसरू नये.

उत्तर २:
माझी पिशवी काढलेली असल्याने मला केवळ इस्ट्रोजेन दिले जाते. त्याच प्रकल्पातील अशा १०,७३९ स्त्रियांच्या चाचणीत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ विरुद्ध ३३, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. परंतु गर्भाशय असताना नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास त्याच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे ही पळवाट आपल्याला उपलब्ध नाही.

उत्तर ३:
एवढा धोका पत्करण्यापेक्षा घाम सोसावा. आपल्या आयांनी सोसलाच ना?

उत्तर १ देणाऱ्या सदस्या:
आयांनी चुलीचा धूरही सोसला, म्हणून तो चांगला ठरत नाही. लाकडाच्या चुलीचा घरातील धूर हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे संभाव्य कारण मानले गेले आहे, म्हणून माहेरच्या चुलीबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय सुमारे ६३ होते, आपले ५१ आहे; शिवाय तंबाखूचे व्यसन असलेलीला हा धोका मुळातच कितीतरी अधिक असतो. स्तनांची तपासणी आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास यांची चौकशी झाली आहे का, हे माझ्या मते आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

प्रश्नकर्त्या:
मॅमोग्राफी अद्याप केलेली नाही. ती करून घेते आणि अहवालासह चिठ्ठी पुन्हा डॉक्टरांसमोर ठेवते; गोळी किती काळ घ्यायची, हेही त्याच वेळी विचारते.