मदत हवी आहे: जांभ्यातल्या विहिरीत क्लोरीन टिकत नाही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरची सार्वजनिक विहीर: व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर, म्हणजे साधारण 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने 70 ग्रॅम ब्लीचिंग पावडर (नवी, बंद डब्यातली) बादलीत कालवतो, चुना खाली बसला की वरची निवळी विहिरीत सोडतो. तासाभराने ऑर्थोटोलिडीन (क्लोरीन उरलाय का ते पिवळ्या रंगाने दाखवणारं रसायन) पाण्याच्या नमुन्यात टाकलं तर पिवळा रंग येतच नाही. उलट विहिरीतलं पाणी तांबूस होतं. लोहच क्लोरीन खातंय, असा संशय.

नुसता डोस वाढवला तर तांबडा गाळ विहिरीतच बसणार. त्यापेक्षा लोह आधीच निघावं म्हणून पाणी टाकीत फवाऱ्याने पाडून, वाळूतून गाळून मग क्लोरीन द्यावं का? वाळूचा थर किती जाड ठेवता? शिवाय एक शोषखड्डा विहिरीपासून 15 मीटरच्या आत आहे आणि जांभा सच्छिद्र. सांडपाणी झिरपतंय का, हे कसं ओळखायचं?